परका अवयव आणि घरचे पहारेकरी



या व्यासपीठावर मी पूर्वी दोनदा बोललो आहे. एकदा बोनसवर आणि एकदा कंत्राटी पद्धतीवर. यंदा चालकांना मी विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारले की, "भाऊ, विषय हाच ना? चिठ्ठी तर बदलली नाही?" चिठ्ठी बदललेली नाही. मी डॉक्टर नव्हे. अकरावीत शाळा सुटली, आणि सूतगिरणीच्या रिंग खात्यात बदली कामगार म्हणून लागलो, ते पुढे युनियनच्या कामात पडलो. वाचन जे काही झाले ते रात्रपाळीत आणि आगगाडीत. तेव्हा आज जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचे प्रवचन नाही. एका चुकीने मला हा विषय शिकायला लावला, ती चूकही मी सांगणार आहे.

आमच्या खात्यात एक फिटर आहेत. नाव सांगत नाही, कारण नावाशिवायही गोष्ट खरी आहे. काही वर्षांपूर्वी त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. शेवटी थोरल्या बहिणीने आपली किडनी दिली. ही बाई आर्वीकडच्या एका खेड्यात कापूस वेचणारी. कायद्याप्रमाणे समितीपुढे तिला विचारले, "स्वखुशीने देता का?" त्यावर ती म्हणाली, "माह्या भावाले देतो, त्यात खुशी काय न् नाखुशी काय?" अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा आहे. तो करा अशी मागणी ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून केली, त्यांत महाराष्ट्र होता, गोवा होता. किडनीचा बाजार मांडला गेला होता म्हणून तो करावा लागला, एवढे सांगून मी पुढे जातो.

शस्त्रक्रिया पार पडली. पण खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. सख्ख्या बहिणीची का असेना, ती किडनी भावाच्या शरीराला परकी आहे. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी परके काही दिसले की त्यावर तुटून पडतात. देवी, क्षय, विषमज्वर यांच्याशी झगडत माणूस जगला तो याच गुणामुळे. त्याच गुणामुळे बहिणीची देणगी नाकारली जाते. पीटर मेडावार नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या लोकांवर दुसऱ्याची कातडी लावताना हे पाहिले. दुसऱ्यांदा त्याच माणसाची कातडी लावली तर ती अधिकच लवकर गळून पडते, म्हणजे शरीर वैर लक्षात ठेवते, हे त्याने दाखवले. पुढे 1953 साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर असेही दाखवले की, जन्मापूर्वीच परक्या पेशींची ओळख करून दिली तर मोठेपणी ते उंदीर ती परकी कातडी मुकाट्याने स्वीकारतात. म्हणजे परक्याला आपले मानणे शिकवता येते. 1960 चे नोबेल पारितोषिक त्याला बर्नेट यांच्याबरोबर मिळाले.

1954 च्या डिसेंबरात बोस्टनला जोसेफ मरे यांनी किडनी बदलून दाखवली. पण ती जुळ्या भावाची भावाला. एकसारखे जुळे म्हणजे शरीराच्या लेखी एकच माणूस. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात मे 1965 मध्ये मृत माणसाची किडनी बसवण्याचा पहिला प्रयत्न झाला; तो रुग्ण थोड्याच दिवसांत गेला. 1971 साली वेल्लोरला जिवंत दात्याची किडनी बसवून यश आले. यश आले ते शल्यविशारदांच्या हाताइतकेच गोळ्यांमुळे आले. पांढऱ्या पेशींचा जोर दाबणाऱ्या गोळ्या घ्यायच्या, आणि त्या जन्मभर घ्यायच्या. आज बहुतेकांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन या तीन दिल्या जातात. आमच्या फिटरांच्या पगाराचा तिसरा हिस्सा या गोळ्यांत जातो. शिवाय रोगांशी झगडणारी फौजच दबलेली, म्हणून साधा खोकलाही धोक्याचा. हात कापतो, साखर वाढते, आणि ज्या किडनीसाठी टॅक्रोलिमस घ्यायचे त्याच किडनीला ते वर्षानुवर्षे हळूहळू इजाही करते.

म्हणून प्रत्येक रुग्ण विचारतो, या गोळ्या कधी सुटतील? आणि येथेच माझा आजचा विषय येतो.

आपल्या शरीरात नुसते लढवय्ये नाहीत. लढाई कोठे थांबवायची हे सांगणाऱ्याही पेशी आहेत. त्यांना नियंत्रक पेशी म्हणतात. मी त्यांना आमच्या भाषेत मोर्च्याचे स्वयंसेवक म्हणतो. दहा हजारांचा मोर्चा कचेरीवर जातो तेव्हा घोषणा देणारे पुष्कळ असतात. पण दोरी धरून चालणारे, "दगड खाली टाक" म्हणून दटावणारे शंभर-दोनशे नसतील तर मोर्च्याची दंगल होते. निरोगी माणसाच्या रक्तात ज्यांना सीडी४ पेशी म्हणतात त्यांपैकी साधारण 5 ते 10 टक्के पेशी या नियंत्रक असतात. बहिणीच्या किडनीपाशी या पेशी पुरेशा उभ्या राहिल्या आणि त्यांनी बाकीच्यांना आवरले, तर गोळ्यांची गरज कमी होईल. कल्पना सरळ आहे. अडचण एवढीच की, या पेशी ओळखायच्या कशा? सूक्ष्मदर्शकाखाली लढणारी पेशी आणि आवरणारी पेशी अगदी सारख्या दिसतात.

पेशीच्या अंगावरच्या खुणांवरून माणसाचे नशीब ठरते, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की जे कोणाशीच जुळेना. एक माणूस रेल्वेच्या अपघातात जखमी झालेला, दुसरा चाकूने भोसकलेला. तपासणीत रक्त 'ओ' गटासारखे दिसे, पण 'ओ' गटाचे रक्तही त्यांना चालेना. तपासांती कळले की, आपणा सर्वांच्या तांबड्या पेशींवर असणारी एक मूळची खूणच त्यांच्या पेशींवर नाही. जगाच्या पुस्तकांत तो गट आज 'बॉम्बे' या नावाने आहे. सांगायचे एवढेच की, खूण असणे ही जशी माहिती आहे तशी खूण नसणे हीदेखील माहिती आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पेशींवरच्या या खुणा मोजतात कशा? प्रत्येक खुणेला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडे प्रयोगशाळेत बनवता येतात. 1975 साली कोलर आणि मिलस्टीन यांनी त्याची रीत काढली. त्या प्रतिपिंडांना चमकणारे रंग जोडतात आणि रक्तात मिसळतात. मग फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रातून पेशी एकामागून एक, एका रांगेत सोडतात. पाळी सुटल्यावर गेटमधून कामगार एकेरी रांगेने बाहेर पडतात आणि पहारेकरी प्रत्येकाचा बिल्ला पाहतो, तसेच. येथे पहारेकऱ्याच्या जागी लेसरचा झोत असतो आणि तो सेकंदाला हजारो बिल्ले पाहतो. खुणांना क्रमांक देण्याची पद्धत 1982 साली पॅरिसच्या परिषदेत ठरली. सीडी४, सीडी२५ ही त्या यादीतली नावे. नावांत काही गूढ नाही. आमच्या हजेरीपटावरच्या नंबरांसारखे ते नंबर आहेत.

पण बिल्ला फसवतो. त्याची एक हकीकत शास्त्राच्या इतिहासातच आहे आणि ती मला फार बोधक वाटली. 1970 च्या सुमारास अमेरिकेत येल येथे रिचर्ड गर्शन यांनी दाबणाऱ्या पेशींची कल्पना मांडली. दहा वर्षे तिचा बोलबाला होता. त्या पेशींची म्हणून एक खूण सांगितली जाई, तिचे नाव आय-जे. 1980 नंतर गुणसूत्राचा तो भाग प्रत्यक्ष उलगडून वाचला, तेव्हा त्या खुणेच्या जनुकाला तेथे जागाच नव्हती. झाले! एक खूण खोटी ठरली आणि तिच्याबरोबर सबंध कल्पनाच लोकांनी टाकून दिली. दाबणाऱ्या पेशी म्हटले की परिषदांतून लोक हसू लागले. आमच्या चळवळीतही हे पाहिले आहे. एका पुढाऱ्याने पावतीपुस्तकात घोळ केला की लोक युनियनच खोटी म्हणतात.

त्या दिवसांत जपानात शिमोन साकागुची मात्र त्याच प्रश्नाला धरून बसले. उंदराच्या पिलाची थायमस ग्रंथी जन्मानंतर तीन दिवसांनी काढली तर मोठेपणी त्याची पांढरी फौज त्याच्याच शरीरावर उलटते, हे आधीच माहीत होते. साकागुचींचा तर्क असा की, त्या दिवसांनंतर ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या पेशींत आवरणाऱ्या पेशी असल्या पाहिजेत. 1995 साली त्यांनी त्या पेशींची खूण सांगितली: सीडी४ असलेल्या ज्या पेशींवर सीडी२५ हीदेखील खूण आहे, त्या. 2001 साली अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एका आजारी उंदराच्या जातीत बिघडलेले जनुक शोधले, त्याचे नाव फॉक्सपी३. माणसाच्या मुलांतही तेच जनुक बिघडले तर त्यांचे शरीर स्वतःवरच उलटते. 2003 मध्ये दोन्ही धागे एकत्र आले: फॉक्सपी३ हीच या आवरणाऱ्या पेशींची सूत्रधार. या तिघांना 2025 चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

आता माणसाच्या रक्ताकडे या. उंदराच्या पिंजऱ्यात शांतता असते, माणसाच्या रक्तात नसते. सीडी२५ ही खूण काय आहे? पेशींना वाढीची आज्ञा देणारे आयएल-२ नावाचे एक द्रव्य आहे, ते पकडण्याचा तो हात आहे. आवरणाऱ्या पेशींना तो सदैव लागतो, कारण त्या ते द्रव्य स्वतः तयार करीत नाहीत. दुसऱ्यांनी केलेल्यावर जगतात. पण लढणारी पेशीसुद्धा चवताळली की तोच हात बाहेर काढते. म्हणजे मोर्च्यात स्वयंसेवकाच्या दंडाला तांबडी पट्टी, आणि दगड उचलणाऱ्याच्याही दंडाला तांबडी पट्टी! सर्दी झालेल्या माणसाच्या रक्तात सीडी२५ मोजून समाधान मानले, तर दंगलखोरांनाच आपण स्वयंसेवक मानून बसू. मग डॉक्टर म्हणू लागले की पट्टी गडद असेल तरच खरी. पण गडद कोठे संपते आणि फिकट कोठे सुरू होते, ही रेघ प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या हाताने मारी.

मग फॉक्सपी३ पाहावे म्हटले, तर ते पेशीच्या अंगावर नाही, आत केंद्रात आहे. ते पाहायला पेशीच्या भिंतीला भोके पाडावी लागतात, म्हणजे ती मरते. स्वयंसेवकाचे मन तपासायला त्याला मारावे, तशी ही गत. मेलेल्या पेशी मोजता येतील, पण निवडून वाढवून रुग्णाला परत देता येणार नाहीत. शिवाय माणसाच्या लढणाऱ्या पेशीतही ते थोडा वेळ दिसून जाते.

2006 साली तोडगा निघाला, सॅन फ्रान्सिस्को आणि सिडनी अशा दोन ठिकाणी, जवळजवळ एकाच वेळी. आवरणाऱ्या पेशींवर सीडी१२७ ही खूण फार कमी असते, किंवा नसतेच. लढणाऱ्या बहुतेक पेशींवर ती असते. म्हणून तीन गोष्टी एकदम पाहायच्या: सीडी४ आहे, सीडी२५ भरपूर आहे, आणि सीडी१२७ नाही. डॉ. भेंड्यांच्या रक्तगटात पाहिले तेच: नसलेली खूण बोलते. यातही चवताळलेल्या पेशीवरचे सीडी१२७ काही काळ उतरते, त्यामुळे हा नियमही सोळा आणे नाही. पण पेशी जिवंत राहते आणि ओळखता येते, हा मोठाच लाभ.

आपल्या शेजारी अमदाबादेत डॉ. हरगोविंद त्रिवेदी यांनी मोठी किडनी संस्था उभी केली. कॅनडातील जम बसवलेली नोकरी सोडून ते परत आले, 2015 मध्ये पद्मश्री झाले, 2019 मध्ये गेले. दात्याच्या पेशी आधी रुग्णाच्या शरीरात सोडून किडनीची ओळख करून द्यायची आणि गोळ्या कमी करायच्या, ही मेडावारचीच वाट त्यांनी व डॉ. अरुणा वणीकर यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी माणसांवर चालून पाहिली, आणि त्या रुग्णांच्या रक्तातील आवरणाऱ्या पेशी याच तीन खुणांनी मोजल्या. सर्वत्र रुजलेला उपचार तो अद्याप झालेला नाही. पण आपल्या देशात, सामान्य पैशाच्या माणसांसाठी हा प्रश्न कोणी हातात घेतला हे सांगितलेच पाहिजे.

आता माझी चूक. आमचे फिटर ज्या रुग्णालयात जातात तेथे एका अभ्यासासाठी त्यांचे रक्त मागितले. संमतीचा फॉर्म घेऊन ते माझ्याकडे आले. "भाऊ, हे सीडी काय व्हय? वाचून सांगा." मी वाचला, सही करायला हरकत नाही म्हटले. ते बरोबरच होते. पुढे तेथे कोणीतरी सहज त्यांना म्हणाले की तुमच्या त्या पेशी चांगल्या आहेत. आणि 2025 च्या ऑक्टोबरात नोबेलची बातमी आली. मी वर्तमानपत्रातला एक अर्धा रकाना वाचला आणि चहाच्या टपरीवर, पाच माणसांसमोर, गेटसभेच्या आवाजात म्हणालो, "आता गोळ्या सुटल्याच म्हणून समजा!"

मला बोलायची सवय आहे. त्यांना माझे ऐकायची सवय आहे. त्यांनी संध्याकाळची गोळी अर्धी केली. कोणाला सांगितले नाही. घरात मुलीची फी भरायची होती, हेही कारण होतेच. दोन महिन्यांत पाय सुजले. क्रिएटिनिन 1.3 होते ते 2.4 वर गेले. किडनीचा तुकडा काढून तपासला. शरीर ती नाकारू लागले होते. तीन दिवस शिरेतून स्टेरॉईड दिले, तेव्हा आकडा खाली आला, पण 1.7 वर थांबला. पहिल्या जागी परत गेला नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांची बहीण भेटली. तिने मला एकच विचारले, "भाऊ, माही किडनी बरी हाय ना?" मला उत्तर देता येईना.

त्यानंतर मी हे सगळे वाचायला बसलो. तेथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी मला दोन दुपारी बसवून शिकवले. त्यांचे उपकार आहेत. मी त्यांना विचारले, बाई, पेशी चांगल्या होत्या तर असे का झाले? त्यांनी जे सांगितले ते सांगतो, कारण आज ते ऐकायला आलेल्यांत कोणाच्या घरी असा रुग्ण असेल.

रक्तात आवरणाऱ्या पेशी किती, यावरून किडनीपाशी काय चालले आहे ते कळत नाही. 2005 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी असे दाखवले की, किडनी नाकारली जात असताना रुग्णाच्या लघवीत फॉक्सपी३ चा संदेश उलट जास्त आढळतो; आणि ज्यांच्यात तो अधिक, त्यांचे संकट उपचाराने टळण्याचा संभव अधिक. चौकात पोलिसांच्या चार गाड्या उभ्या दिसल्या तर गावात शांतता आहे असे समजावे, की दंगल पेटली आहे असे? आपण हिंगणघाट-पुलगावची माणसे, आपल्याला हे सांगायला नको.

दुसरे असे की, ज्यांच्या गोळ्या सुटूनही किडनी टिकली असे थोडे भाग्यवान लोक जगात आहेत. त्यांच्या रक्ताचा 2010 मध्ये युरोप-अमेरिकेत कसून अभ्यास झाला. ठळक दिसल्या त्या बी जातीच्या पेशींच्या खुणा, आवरणाऱ्या टी पेशींच्या नव्हेत. म्हणजे सीडी२५ आणि सीडी१२७ मोजून 'याच्या गोळ्या बंद करा' असे सांगणारा आकडा आज कोणापाशी नाही.

तिसरी गंमत ऐका. टॅक्रोलिमस आयएल-२ बनूच देत नाही, म्हणून लढणारे थांबतात. पण त्या द्रव्यावरच जगणारे आवरणारेही उपाशी राहतात. दंगल थांबवायला सबंध गावाचा शिधा बंद केला की बंदोबस्ताचा शिपाईही उपाशीच. आणि शस्त्रक्रियेच्या वेळी पुष्कळांना बॅसिलिक्सिमॅब नावाचे इंजेक्शन देतात, ते सीडी२५ वरच जाऊन बसते. त्यानंतर काही आठवडे ती खूण मोजायला गेले तर झाकलेली सापडते. रुग्णाला कोणते औषध कधी दिले हे विचारल्यावाचून नुसता आकडा वाचणे म्हणजे रजेचा अर्ज न पाहता गैरहजेरी लावणे.

मग आशाच नाही का? आहे. 2020 साली एका मोठ्या अभ्यासाची हकीकत प्रसिद्ध झाली. युरोप-अमेरिकेतील आठ रुग्णालयांत जिवंत दात्याची किडनी मिळालेल्या 38 रुग्णांना शरीराबाहेर तयार केलेल्या पेशी दिल्या. काहींना याच आवरणाऱ्या पेशी, निवडून, वाढवून. किडनी नाकारली जाण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारापेक्षा वाढले नाही, आणि जवळजवळ 40 टक्के रुग्णांना एकाच गोळीवर आणता आले. एकाच गोळीवर, बिनगोळीवर नव्हे. आणि तेही रक्त तपासणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. चहाच्या टपरीवर नव्हे.

हे सारे मी फिटरांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे भाऊ, बिल्ला सापडला, पण माणूस भरवशाचा हाय का नाही ते अजून कळत नाही." मला वाटते दोन दुपारी मी जे शिकलो ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

अभ्यासासाठी त्यांनी पुन्हा रक्त दिले आहे. मी दचकलो, पण ते म्हणाले की माझ्या रक्तातून कोणाला काही कळेल तर कळू द्या. या वेळी फॉर्ममधली एक ओळ मी दोनदा वाचून दाखवली: या तपासणीवरून उपचार बदलला जाणार नाही. ही ओळ पहिल्या वेळीही तेथे होती. मी वाचलीही होती. तिचे महत्त्व मला कळले नव्हते.

युनियनमध्ये आम्ही एक छोटी वर्गणी सुरू केली आहे, जन्मभर गोळ्या लागणाऱ्या सात कामगारांसाठी. गोळी अर्धी करण्याचे पहिले कारण अज्ञान होते आणि ते माझे होते. पण दुसरे कारण पैसा होते, आणि ते अजून आहे. सरकारने या गोळ्या जन्मभर मोफत द्याव्यात ही मागणी आम्ही करणारच. ती केव्हा मान्य होईल ते होईल. तोवर महिन्याच्या पहिल्या तारखेला पेटी फिरते.

अध्यक्षांनी मला घड्याळ दाखवले आहे, आणि मीही ते पाहतो आहे. रोज सकाळी आठ आणि रात्री आठ या त्यांच्या गोळीच्या वेळा. जानेवारीपासून रात्री आठला मी फोन करतो, आणि ते "घेतली" एवढेच म्हणतात. आठला तीन मिनिटे कमी आहेत. आपण परवानगी द्यावी.